टिकलेली जाहिरात

सकाळी साडेदहाला ह्येरान दुसऱ्यांच्या जाहिराती बघायला बसायची. आठ वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या मंगळवारी अकराव्या जाहिरातीत तिला स्वतःची आई दिसली.

आवाज बंद होता. जाहिराती ती आवाज बंद ठेवूनच बघायची, कारण लोकही तशाच बघतात, बसमध्ये, रांगेत, झोपलेल्या नवऱ्याशेजारी. आधी पडद्यावर नुसते हात आले. बुटक्या टेबलावर लसूण सोलणारे, अंगठ्याचं पेर एका बाजूला फुगलेले हात. तिने आपल्या तक्त्यात, प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढच्या रकान्यात लिहिलं, 'हात खरे वाटतात', आणि लिहून झाल्यावर तिला कळलं की हे हात कुणाचे आहेत. मग कॅमेरा वर सरकला. निळ्या स्वेटरमधली म्हातारी समोर बघून काहीतरी बोलत होती आणि बोलता बोलता ओठ मुडपून हसत होती. ह्येरानने आवाज सुरू केला नाही. खिडकीबाहेर सोलमधल्या कुरो भागातल्या काचेच्या इमारती एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. समोरच्या अकराव्या मजल्यावर एक माणूस पडद्याशी वाकून बसला होता. तोही कदाचित कुणाच्या तरी जाहिराती मोजत असेल. तिच्याही मोजत असेल. तिने कॉफीचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी तो तिने ओठांना लावला.

कोणती कंपनी सध्या कोणत्या जाहिराती दाखवते आहे याची यादी कुणालाही उघडून बघता येते, आणि प्रत्येकीखाली ती कधी सुरू झाली ती तारीख असते. ह्येरानची सगळी विद्या त्या तारखेत होती. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची, की सुंदर काय, हुशार काय, ते बघू नका, टिकलंय काय ते बघा. न खपणारी जाहिरात आठवड्यात काढून टाकतात, त्यामुळे जी महिना टिकली ती पोट भरते आहे. आईच्या जाहिरातीखालच्या तारखेपासून तिने दिवस मोजले. एकाहत्तर. म्हणजे एकाहत्तर दिवस तिची आई देशभर लोकांच्या हातात हसत होती आणि शेकडो जाहिरातींच्या त्या यादीत एकाही दिवशी ती तिला दिसली नव्हती.

मग तिने आवाज सुरू केला. "गुडघे दुखतात हो," आई म्हणत होती. "चाळीस वर्षं उभ्याने कालवं फोडली, दुखणार नाहीत तर काय. मुलगी आहे ना, सोलला. मोठ्या कामावर आहे. तिला वेळ नसतो बिचारीला. गुडघे माझे, त्यांची काळजी तिने का करावी?" आणि एक सुस्कारा, खालून वर चढत जाणारा, शेवटी हसण्यात सुटलेला. मग गुडघ्यांच्या भुकटीचा डबा, कंपनीचं नाव, तीन डब्यांवर एक मोफत. खाली तेवीसशे लोकांनी लिहिलं होतं. एकीने लिहिलं होतं, माझी आई अगदी अशीच बोलते, कचेरीच्या जिन्यात बसून रडले आणि तीन डबे पाठवले.

दुखतं, हा शब्द ह्येरानने आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. थोंगयंगच्या त्या चढावरच्या घरात, वडील आधी बोटीवर होते आणि मग नव्हते, त्यानंतरच्या सगळ्या हिवाळ्यांत आई पहाटे चारला शेडवर जायची आणि उजेड जाता जाता परत यायची. खालच्या गल्लीत तिच्या रबरी बुटांचा आवाज यायचा. मग पायऱ्या सुरू व्हायच्या, एकशे बारा पायऱ्या, आणि मध्ये दोनदा आवाज थांबायचा. अभ्यासाच्या वहीवर पेन्सिल तशीच ठेवून ह्येरान त्या थांबण्याकडे कान लावायची. एकदा साठाव्या पायरीच्या आसपास, एकदा नव्वदाव्या. आई आत आली की समुद्राचा आणि रबराचा वास यायचा, आई आखूड सुरी धुवायला तिच्याकडे द्यायची आणि म्हणायची, आज कालवं मोठी होती. मध्ये का थांबतेस, हे ह्येरानने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने सांगितलं असतं की काय, असं आता तिच्या मनात आलं. त्या परक्या कंपनीच्या माणसांनी फक्त विचारलं असणार. त्यांना कुणीतरी शिकवलं असणार, विचारा आणि गप्प राहा.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन केला.

"पाहिलीस होय?" आईला आनंद झालेला ऐकू आला. "माझे केस कसे दिसत होते? शेजारची कोसंगवाली म्हणाली, मागून चपटे दिसतात."

"केस चांगले होते. आई, हे कधी झालं?"

"अगं, म्हाताऱ्यांच्या बैठकीत आले होते ते. दोन पोरी आणि एक कॅमेरावाला. गोड होते बिचारे. सगळ्यांना बोलायला लावलं. कोसंगवाली तर पावडर लावून आली होती, पण घेतलं मलाच. म्हणाले, आजी, तुम्ही न शिकवता बोलता. मग घरी येऊन चित्रण केलं. सहा डबे दिले."

"ते वाक्य कुणी दिलं तुला? मुलीला वेळ नसतो ते?"

पलीकडे नळ चालू होता तो बंद झाला. "देणार कोण? मुलं येतात का, असं विचारलं त्यांनी. जे आहे ते सांगितलं. रागावलीस का?"

"नाही."

"तुझं नाव नाही घेतलं हो मी."

"माहीत आहे."

"त्यांचं चांगलं की तुमच्या कंपनीचं?"

ह्येरान म्हणाली, दोन्ही सारखीच. ते अक्षरशः खरं होतं. दोन्ही भुकट्या एकाच कारखान्यात बनत, डबा आणि झाकण तेवढं वेगळं. फोन ठेवताना आई म्हणाली, तू जेवलीस का, आणि ती म्हणाली हो, आणि समोरच्या न उघडलेल्या जेवणाच्या डब्याकडे बघत राहिली. या महिन्याखेरीस येते असं म्हणायचं राहून गेलं. नेहमी ते वाक्य ती म्हणायची, यायची नाही, पण म्हणायची.

गुरुवारच्या बैठकीत बांग साहेबांनी तीच जाहिरात भिंतीवर लावली. कंपनी त्यांची होती, माणूस वाईट नव्हता, प्रत्येकाच्या घरच्या आजाराची आठवण ठेवणारा. "ही म्हातारी आपलं गिऱ्हाईक खाते आहे," ते म्हणाले. "हिच्यात काय आहे ते मला काढून दाखवा." भिंतीवर आईचं तोंड दारापेक्षा मोठं झालं होतं. गालावरचा तीळ ह्येरानच्या तळहाताएवढा दिसत होता. जीआन, तिच्या हाताखालची, तिशीतली, हुशार, म्हणाली की करुणा आहे, एकटेपणा आहे, आणि बोली दक्षिण किनाऱ्याची आहे म्हणून खरी वाटते. साहेब ह्येरानकडे वळले. ही माझी आई आहे, असं म्हणायला एवढीच वेळ होती. तिने तोंड उघडलंही. पण जे बाहेर पडलं ते तिच्या कामाचं होतं, आठ वर्षांच्या सवयीने आपोआप तयार झालेलं.

"एकटेपणा नाही. एकट्या म्हाताऱ्या सगळेच दाखवतात. ही मुलीची बाजू घेते. आई रागावली असती तर लोकांनी अंगठ्याने पुढे ढकललं असतं. ती माफ करते, आणि माफ केलेला माणूस पैसे देतो."

मग साहेबांनी हळूच टेबलावर बोटं वाजवली. "हेच," ते म्हणाले. "हेच करा. यापेक्षा धारदार."

ह्येरानने ते चित्रण कागदावर उतरवून काढलं, सेकंदासेकंदाने, जसं ती दर टिकलेल्या जाहिरातीचं करायची. कितव्या सेकंदाला पापणी लवते, कुठे श्वास घेते. टेबलाच्या कडेला पारदर्शक कागदातल्या गोळ्यांच्या पुड्या पडल्या होत्या, औषधवाला देतो तशी वेळेवारीची लांब माळ, टेबलावरून खाली लोंबणारी. कॅमेऱ्याला जागा करायला कुणीतरी ती सरकवली असणार. पण ह्येरानला ते सरकवणं मुद्दाम केलेलं वाटलं, प्रतिस्पर्ध्याची हुशारी वाटली, आणि तिला त्यांचा हेवा वाटला. आपल्या जाहिरातीसाठी तिने त्याचीच एक कृती केली. कंपनीने आणलेली नटी, सत्तरीची, शांत डोळ्यांची, भुकटी पाण्यात ढवळते आणि दुसऱ्या हाताच्या उलट्या बाजूने गोळ्यांची माळ हळूच दूर लोटते. तोंडाने अक्षर नाही. बोललं असतं तर सरकारी तपासनिसांनी पकडलं असतं, हाताला कोण पकडणार. आणि मग ती नटी म्हणते, "मी चालते आहे तोवर माझ्या मुलीला थांबावं लागणार नाही." ते वाक्य ह्येरानने बाथरूममध्ये हात धुताना जुळवलं. जुळलं तेव्हा मानेवर काटा आला, आणि तिने तो कामाचा आनंद समजला.

जाहिरात चालली. भुकटी मुलींनी घेतली, चाळिशीच्या, नोकरदार. पण तिसऱ्या आठवड्यात जीआन खुर्ची ओढत तिच्याजवळ आली. "मॅडम, गंमत बघा. मुलींपेक्षा आयाच जास्त मागवतायत. स्वतःसाठी. पासष्टच्या वरच्या. आपण त्यांनाच दाखवली तर?" पडद्यावर देशाचा नकाशा होता, ज्या भागावर बोट ठेवावं तो निळा व्हायचा, म्हणजे तिथे जाहिरात दिसणार. डोंगराळ भाग, मग नैर्ऋत्येचे जिल्हे, मग दक्षिण किनारा. जीआन एकेक निळा करत गेली. थोंगयंगवर येताच ह्येरानला वाटलं, हे एवढं गाव वगळ म्हणावं. एका बोटाचं काम होतं. का, असं जीआनने विचारलं असतं. काहीही सांगता आलं असतं, तिथे डबे वेळेवर पोचत नाहीत, तिथे आधीच पुष्कळ झालंय. ती एक श्वास थांबली. किनारा निळा झाला, बेटांसकट.

मग दिवस मोजणं सुरू झालं, आता स्वतःच्या जाहिरातीचे; बाकीच्या कंपन्यांची यादी मागे पडली. वीस, तीस, चव्वेचाळीस. प्रतिस्पर्धीही गप्प नव्हते. त्यांनी आईच्या त्याच चित्रणातून नवे तुकडे काढले. दर सोमवारी नवी आई यायची. लसूण सोलणारी, खिडकीतून बंदर बघणारी, कालवं कशी फोडतात ते रिकाम्या हाताने दाखवणारी. ह्येरान आता घरी फोन कमी करायची, कारण आई रोज भेटतेच आहे असं काहीतरी आत बसलं होतं. एका तुकड्यात आई टेबलाशेजारून उठायला जाते, डावा हात कडेसाठी चाचपडतो, कड चुकते, ती थांबते, छातीशी हात धरून दोन श्वास घेते आणि कॅमेऱ्याकडे ओशाळं हसते. हे ह्येरानने अकरा वेळा पाहिलं. रकान्यात लिहिलं, 'उठताना थांबते, विश्वास बसतो'. त्या संध्याकाळी भुयारी गाडीतून उतरून जिना चढताना ती स्वतः मध्येच थांबली, कारण नसताना. मागची माणसं दोन्ही बाजूंनी वाहत गेली. तिला वाटलं, पाय गुडघ्याने थांबतात, छातीने नाही. मग छातीवर हात का? हा प्रश्न घेऊन ती जिन्यात उभी राहिली, आणि मग घरी गेली, आणि झोपण्यापूर्वी केस धुतले.

साठाव्या दिवशी दुपारी कोसंगवाल्या काकूंचा फोन आला. आईच्या शेजारच्या, कोसंगहून लग्न होऊन आलेल्या, पन्नास वर्षं झाली तरी गावाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या. "पोरी, तुझी आई आठ दिवस बैठकीत आली नाही," त्या म्हणाल्या. "मी गेले तर म्हणते, बरी आहे. बरी माणसं बसून झोपतात का? मी काही बोलले म्हणून सांगू नकोस हो. पण तू ये. टीव्हीवरच्या बायकांसारखी तोंडाने येते येते म्हणू नकोस, ये."

बसला चार तास लागले. ह्येरानने वाटेत फोन उघडला नाही. बोगद्यांमागून बोगदे गेले. दर बोगद्यात काचेत तिचा चेहरा यायचा आणि उजेडात पुसला जायचा. पायऱ्या चढताना तिने मोजल्या नाहीत, पण साठाव्याच्या आसपास तिला दम लागला.

आई भिंतीला उशी लावून बसली होती. तोंड सुजलेलं, राखेच्या रंगाचं. घोटे तर मोज्यांच्या वर कणकेसारखे फुगून आले होते. "अगं, आधी सांगायचं नाही का," ती म्हणाली, "मासळी तरी आणून ठेवली असती." दोन शब्दांमध्ये एक श्वास येत होता. ह्येरानने घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि भरला नाही. कपाटाशेजारी प्रतिस्पर्ध्यांचे सहा डबे होते, न उघडलेले, ज्या फडक्यात आले त्यातच. आणि चुलीजवळच्या फळीवर तिच्या कंपनीचे. पाच रिकामे, सहावा अर्धा. त्यांच्यामागे गोळ्यांच्या पुड्यांची माळ नीट गुंडाळून रबर लावून ठेवलेली. औषधवाल्याची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती.

"हे कधीपासून घेतेस?"

"तुमचं आहे ते," आई म्हणाली, जशी काही ह्येरानने डबा ओळखला नव्हता. "डब्यावर नाव आहे की. म्हणून मागवलं. कोसंगवालीच्या नातीने फोनवर करून दिलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर फुकट पाठवलं असतंस. मग तुझं काम कसं चालायचं?"

ह्येरान रबर काढून पुड्या उलगडत होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्या बंद. "आणि ह्या? ह्या हृदयाच्या आहेत, आई. ह्या का बंद केल्यास?"

आईने खिडकीकडे बघितलं. "त्या घेतल्या की सारखं लघवीला जावं लागतं. गुडघे असे. रात्री चारदा उठायचं म्हणजे..." श्वास. "तुमच्या त्या जाहिरातीत बाई आहे ना, शांत डोळ्यांची. तिला पाहिलं आणि वाटलं, हिला माझं कळतं. तीही बाजूला सारते. हाताने, अशी." आणि तिने हाताच्या उलट्या बाजूने हवेत काहीतरी हळूच दूर लोटलं, अगदी तसंच, नटीला तीन तास शिकवूनही जमलं नव्हतं इतकं सहज. "म्हटलं, मीही चालले तर तुला थांबावं लागणार नाही."

रुग्णवाहिकेची माणसं आईला खुर्चीत बसवून एकशे बारा पायऱ्या खाली घेऊन गेली. जिंजूच्या मोठ्या रुग्णालयात तिच्या छातीतलं पाणी काढलं. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले, मग तिसऱ्या दिवशी सांगितलं. जीव वाचला होता, हृदयाचा एक भाग परत येणार नव्हता. तरुण डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, नोंदींचा कागद हातात धरून पलंगाशी उभ्या होत्या. "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?"

"मीच विसरले," आई प्राणवायूच्या नळीमागून म्हणाली. "म्हातारं डोकं. माझी मुलगी सारखी आठवण करून द्यायची हो. फोनवर, रोज." आणि ती ह्येरानकडे बघून ओठ मुडपून हसली. तिच्या मागची भिंत पांढरी होती. ह्येरानला तो चेहरा कुठल्या सेकंदाला काय करेल ते पाठ होतं, पापणी लवायच्या आधी ते तिला कळलं, आणि तिने मान फिरवली.

"मी सांगितलं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "गोळ्या बंद करायला." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

कॉरिडॉरमधून तिने साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं, ती म्हातारी कोण हेही. "आईची काळजी घे," ते म्हणाले. "आणि काढ ती जाहिरात, आत्ता काढ, मला कारण नको." त्यांचा आवाज खरा होता. जीआनने दहा मिनिटांत कळवलं, काढली. साठ अधिक चार, चौसष्ट दिवस. ह्येरानने भिंतीला टेकून, का ते न कळता, ती यादी उघडली. साडेदहा वाजले होते. गुडघ्यांच्या भुकटीवाली पहिली कंपनी. टेबल, म्हातारी, उलट्या हाताने लोटलेली पुड्यांची माळ. नऊ दिवस. दुसरी. हिरवा स्वेटर, तोच हात. तेरा दिवस. तिसरीत म्हातारा होता. चौथीत हात नुसता, चेहरा नाही, आणि वाक्य थोडं बदललेलं, तिच्यापेक्षा चांगलं झालेलं. डोळ्यांच्या औषधाची एक, झोपेच्या औषधाची एक. तिने अकरापर्यंत मोजलं आणि फोन पालथा केला. कुठेतरी, कुठल्यातरी अकराव्या मजल्यावर, एका माणसाने रकान्यात लिहिलं असणार, 'पुड्या लोटते, टिकलंय'.

ती आत आली तेव्हा आईला झोप लागली होती. शेजारच्या पलंगावरची आजी जागी होती, ऐंशीच्या घरातली, हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन डोळ्यांजवळ धरलेला. तिच्या उशालाही पुड्यांची माळ होती.

"बाळ, जरा बघतेस?" आजी कुजबुजली. "हे कसं मागवायचं असतं? माझ्या सुनेला वेळ नसतो."

ह्येरानने बघितलं. हिरवा स्वेटर. "मागवू नका, आजी," ती म्हणाली. "त्यात काही नाही. तुमच्या गोळ्या सोडू नका."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग तुला काय ठाऊक?"

ह्येरान पलंगाच्या कडेला बसली. "हे मी बनवलं," ती म्हणाली. "हे हाताने लोटणं. मी शोधून काढलं. माझी आई त्यामुळेच इथे आहे."

आजीने फोन खाली घेतला. झोपलेल्या आईकडे बघितलं, मग ह्येरानकडे, डोळे बारीक करून, बाजारात मासळीवाल्याकडे बघतात तसं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "मग तुझ्याकडून थोडं स्वस्त पडेल का?"